दाखिल-खारिजमधला शब्द

पीएमटीत, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत, माझा नंबर डेंटलला लागला, तेव्हा पांढुर्ण्यातल्या आमच्या मोहल्ल्यात दातांचा वेगळा डॉक्टर असतो हेच अर्ध्या लोकांना ठाऊक नव्हतं. इंदूरला राहून शिकायचं तर छात्रवृत्तीशिवाय जमणार नव्हतं. बाबा नगरपालिकेत नळाचे पाइप जोडत. आणि छात्रवृत्तीला हवं होतं जातीचं प्रमाणपत्र.

तहसीलीतल्या बाबूने माझा शाळेचा दाखला उलटसुलट करून पाहिला. जातीच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिलेलं. "हे नाही चालत," तो म्हणाला. "बौद्ध तं धर्म झाला. यादीत तुमची जुनी जात हाये, ते लिहून आना. हिंदू म्हनून." नव्वद सालाच्या आधीची ही गोष्ट; महाराष्ट्रात, म्हणून नागपुरात बौद्धांना सवलत होती, पण आम्ही पडलो मध्य प्रदेशचे. जवळचं नागपूर आमच्या काय कामाचं! मला बाबूचा राग आला, आणि त्या शब्दाचाही आला. त्याची लाज मला आजही वाटते.

तो शब्द बाबांनीच लिहायला लावला होता. आम्ही सौंसरला होतो तेव्हा पहिलीत नाव घालताना गुरुजींनी सवयीने जुनी जात लिहिली. बाबांनी ती खोडायला लावली आणि दाखिल-खारिजमध्ये, म्हणजे शाळेच्या मूळ रजिस्टरात, 'बौद्ध' लिहून घेतलं. घरी कोणी पाहुणा आला की ही गोष्ट निघायचीच.

दुसऱ्या दिवशी ती मूळ नोंद बदलायला आम्ही सौंसरची बस धरली. बाबांनी दोघांची तिकिटं काढली. मी मनात म्हणत होते, नाही म्हणा, रागवा एकदाचे, म्हणजे मला तुमच्यावर चिडता तरी येईल. शाळेत हेडमास्तरांनी दुरुस्तीचा अर्ज पुढे सरकवला. बाबांनी पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू सांग माय. तू म्हनशीन तसं लिहून देतो."

हो म्हणावं तर त्यांचा शब्द त्यांच्याच हाताने खोडायला लावायचा. नाही म्हणावं तर पांढुर्ण्यातच जन्म काढायचा.

"मले नाही जाचं डेंटलले," मी म्हणाले. "रक्त पाहून चक्कर येते मले."

"येते का? मंग राहू दे," म्हणत त्यांनी टोपण लावलं.

आदल्याच वर्षी पाइपाने त्यांचा तळहात फाटला, तेव्हा रोज पट्टी मीच बदलत होते. तरी त्यांनी माझं खोटं लगेच मानलं. इतक्या लगेच मानायला नको होतं.