पाचगणीच्या भिंतीवरचं जतचं माळरान

माझ्या पणजोबांचं, म्हणजे आबांचं, पहिलं चित्र भिंतीवर लावलं त्याच दुपारी वाहून गेलं.

आज आबांना जाऊन एक वर्ष झालं.

ही गोष्ट त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे, की लिहिताना त्यांचाच आवाज कानात येतोय. तरी काल आत्याआजीला, म्हणजे आबांच्या मुलीला, फोन करून सगळं परत विचारून घेतलं. काही चुकलं असेल तर ते माझं.

चाळीसच्या दशकातली गोष्ट. लढाई चालू होती, गावोगाव लष्कराची भरती निघायची.

आबा तेव्हा मिसरूड फुटलेले. घर जत तालुक्यातलं, मेंढरं राखणारं. पण आबा सांगलीत एका नाटक कंपनीचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, नदी. हेच त्यांचं शिक्षण.

त्यांच्या वडिलांना हे अजिबात पसंत नव्हतं.

"मेंढरं राखाय लावलं तर ह्यो कोळशानं दगडावर रेघोट्या वढत बसायचा. मेंढरांकडं ध्यानच न्हाई. भरतीला घाला त्येला."

अशात पाचगणीचं निघालं.

तिथल्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई उन्हाळ्याच्या सीझनला एका छोट्या खोलीत सातारा-सांगलीकडच्या चित्रकारांचं एक्झिबिशन भरवायच्या. फक्त निसर्गचित्रं. आबांचं एक चित्र त्यांनी घेतलं.

वडिलांचा निरोप आला. "मी सोता बघाय येतो. चार मान्सात टांगण्याजोगं आसंल तर रंगव बापड्या. न्हाईतर तिथनंच भरतीला."

म्हणजे सगळं त्या एका चित्रावर होतं.

चित्र आमच्याकडचंच. दुपारचं माळरान, एक बाभूळ, खाली मेंढरांचा कळप, वर निळंभोर आभाळ. मांजरपाटाच्या जाड्याभरड्या कापडावर, पडद्याच्या रंगात काढलेलं. हा रंग म्हणजे रंगाची भुकटी आणि चिकटायला शिजवलेला सरस. जतच्या कोरड्या हवेत सरस जास्त झाला की रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून आबा सरस पातळच ठेवायचे.

आणि आमच्याकडे नवं चित्र टांगलं की आधी खिडक्या उघडतात. त्याला वारा लागला पाहिजे.

आबांनी पाचगणीतही तेच केलं. खिडक्या सताड उघडल्या आणि अण्णाप्पाबरोबर जेवायला गेले. अण्णाप्पा म्हणजे कंपनीतला त्यांचा जोडीदार, सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. सोबतीला आला होता.

परत आले तर खोलीत ढग.

बाकीची चित्रं ऑइलमधली, नाहीतर काचेखालची. त्यांना काही झालं नाही. आबांचं आभाळ मात्र ओघळून पार खाली माळावर आलेलं.

अण्णाप्पा बघत राहिला. मग म्हणाला, "गड्या, तुझी मेंढरं पोहाय लागली की रं."

बाई रागावल्या नाहीत. "आमच्याकडे दरीतून ढग वर आला की आधी खिडकी लावतात, मग उतू चाललेलं दूध बघतात. तुला सांगायला हवं होतं मी."

आबा चित्र उतरवायला लागले. अण्णाप्पाने हात धरला.

"उतरवून काय दावणार बापाला? मोकळी भित? ऱ्हाऊ दे तसंच. सांग, पाऊस मुद्दाम काढलाय म्हनून."

दुसऱ्या दिवशी वडील आले. मिरजेहून रेल्वेने वाठार, तिथून मोटारीने वर. खांद्यावर घोंगडं. कुणाशी न बोलता थेट चित्रापुढे जाऊन उभे राहिले.

"ह्यो आपला माळ न्हवं?"

"व्हय."

"एवढा पाऊस कवा पडला आपल्याकडं?"

अण्णाप्पाने मागून कोपर मारलं.

आबा सांगायचे, तोंडापर्यंत आलेलं खोटं बाहेरच पडेना. ज्या माणसाने पावसासाठी जन्मभर आभाळाकडे बघितलं, त्याला न काढलेला पाऊस मुद्दाम काढला म्हणून कसं सांगायचं?

"पडला न्हाई, बा. खिडकी उगडी ऱ्हायली. ढगानं रंग वघळला. मी ऊन काढलं हुतं."



वडिलांनी वाकून कळपाजवळ तोंड नेलं. मेंढरं पक्क्या काळ्या शाईने आखलेली, ती तेवढी जागेवर होती. एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी.

"उन्हातली हायत व्हय ही?"

"व्हय."

"पावसातबी आशीच हुबी ऱ्हात्यात. डोकी आत घालून." ते सरळ उभे राहिले. "म्हंजी बघत हुतास तू. मला वाटायचं, ध्यान न्हाई."



जाताना दारातून मागे वळून म्हणाले, "भरतीचं ऱ्हाऊ दे."

अण्णाप्पा हळूच म्हणाला, "आवं, मग जेवून तरी जावा." त्यावर म्हणे वडील पहिल्यांदा हसले.

एक्झिबिशन संपल्यावर ते चित्र गावी गेलं आणि घरात टांगलं. पुढे त्याला वाळवी लागली. फोटो कुणी काढला नव्हता. त्यामुळे मी ते कधीच पाहिलेलं नाही.

आबांनी मात्र हात चालला तोवर रंगवलं. पडदे गेले, कंपनी गेली, मग शाळांच्या भिंती, देवळांच्या कमानी, आणि घरी स्वतःसाठी माळरान. मीही आज गाड्यांवर नावं रंगवतो. ब्रश कसा धरायचा ते त्यांनीच शिकवलं.

परवा पाचगणीतल्या एका लहानशा गॅलरीत या भागातल्या चित्रकारांचं निसर्गचित्रांचं एक्झिबिशन लागलं. त्यांनी आबांचं शेवटचं माळरान मागून घेतलं. मी स्वतः नेऊन दिलं.

चित्राखाली लावायचं लेबल मलाच लिहायला सांगितलं. नाव लिहिलं. गाव लिहिलं. पुढे होतं, "कलाशिक्षण".

तिथे मी आधी पेन्सिलने लिहिलं, मग तेच पेनने गिरवलं.

"वडिलांची मेंढरं राखली."

आबा, तुमची फार आठवण येते. नमस्कार करतो.