शेणावरची वीज

आयटीआयमधून इंजिनाचं काम शिकून मी भूमजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा शेणाच्या गॅसवर गावापुरती वीज करायची सरकारी योजना नुकतीच आली होती. ती दूध सोसायटीनं चालवायला घेतली आणि इंजिनावर मला नेमलं.

वडिलांना ते पटलं नाही. "धर्म बदलला तवा मेलेली ढोरं वढायचं आमी सोडलं," ते म्हणाले. "अन् तू शिकून शेण कालवणार व्हय?"

"मला इंजिन चालवायचंय, दादा."

खरं तर मी दोन्ही करायचो. सकाळी घरोघरून पाट्या यायच्या. जितकं शेण तितकंच पाणी घालून मी ते कालवायचो आणि खड्ड्यात सोडायचो. गॅस साठला की खड्ड्यावरची लोखंडी टाकी हळूहळू वर उचलली जायची. दिवेलागणीला थोडं डिझेल, बाकी गॅस, असं इंजिन सुरू व्हायचं. इंजिनाची शेड आमच्या वस्तीला लागून होती, म्हणून पहिला खांब आमच्या दारात आला. गावात आधी उजेड आमच्याकडे, हे पहिल्यांदाच घडत होतं. वडील बल्बखाली पेपर उघडून बसले. त्यानंतर शेणाचा विषय त्यांनी काढला नाही.

देखरेखीला जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक तरुण इंजिनिअर यायचा. तो म्हणायचा, "वीज म्हणजे कोळसा जाळायचा आणि धूर आभाळात सोडायचा, हेच चाललंय. राज्यानं गावोगाव असं केलं तर तेवढा कोळसा जमिनीतच राहील." माझा त्यावर पुरा विश्वास बसला होता.

मग पाऊस गेला. दुसऱ्या वर्षीही आला नाही. जनावरं चारा छावणीत गेली आणि शेणही तिकडंच राहिलं. मी सायकलला दोन डबे बांधून छावणीत जायला लागलो. नुसतं वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला, खाऊन जगलेल्या जनावरांचं ते शेण. त्याला गॅस फारसा धरत नव्हता. टाकी रोज थोडी खाली बसत होती.

तरी शेण मिळत होतं, पाणी मिळेना. विहिरी आटल्या, गावाला टँकर लागला. सरपंचांनी सांगितलं, "आधी दोन पिंपं शेडसाठी भरून घ्या. सरकारी काम हाय." मी भरून घेतली. बायका घागरी धरून बघत उभ्या होत्या. माझी आई रांगेत शेवटी होती. तिच्यापर्यंत पाइप आला आणि टँकर संपला.

ती शेडच्या दारात आली. मी पाटीत हात घालून बसलो होतो.

"हे पाणी शेणात घालणार?"

"न्हाय घातलं तर उद्या दिवे लागणार न्हाईत, आई."

"नगं लागू दे," ती म्हणाली. "तुझ्या भणीचं लेकरू सकाळपासनं पाणी मागतंय."

मी उठलो. दोन्ही पिंपं बाहेर लोटली आणि ज्यांच्या घागरी रिकाम्या होत्या त्यांच्यात ओतली. एरवी पाइपपाशी भांडणाऱ्या बायका घागरी उचलून सरळ घरी गेल्या. मला वाईट वाटलं ते त्याचंच. कुणी दिव्यासाठी 'थांब' म्हटलं असतं, तर बरं वाटलं असतं.

एसटीनं जाऊन मी इंजिनिअरला भेटलो आणि इंजिन बंद पडल्याचं सांगितलं. त्यानं फॉर्म पुढं ओढला, वरून खालपर्यंत वाचला. "बंद पडण्याचं कारण लिहायला हवं," तो म्हणाला, "पण यात दुष्काळाचा रकानाच नाही." शेवटी त्यानं 'तांत्रिक बिघाड' असं लिहिलं. माझ्या इंजिनात काहीच बिघाड नव्हता.

पुढं पाऊस झाला, पण दुष्काळात लोकांनी विकलेली जनावरं परत आली नाहीत. टाकी गंजून एका बाजूला कलली. दोन वर्षांनी मोठ्या लायनीचे खांब आले, कोळशाची वीज आली आणि लोकांनी नारळ फोडले. मला वीज खात्यात हेल्परची नोकरी लागली. उमरग्यापर्यंतच्या कित्येक गावांत मी खांबावर चढून तीच वीज जोडली. घर त्याच्यावर चाललं. इंजिनिअरची बदली झाली, असं कळलं. त्यानंतर कोळशाबद्दल मला कुणी काही बोललं नाही, आणि मीही कुणाला नाही.