अण्णांचं मागचं शेड

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सांगून झाल्यावर माझं तोंड बघून तुम्हाला हसवणार नाही. अहो, मोहोळ गाव आलं की अजून मी गाडीत मान खाली घालून बसते. अशी माती खाल्लीय मी!

तर आमची सोलापुरात छोटी सोलर कंपनी. घरांवर पॅनल बसवता बसवता आता कारखाने, गोदामं अशी मोठी कामं यायला लागली. सर म्हणाले, "स्वाती, कागदावरच्या आकडेमोडीनं आता भागायचं नाही. इंटरनेटवर चालणारं ते डिझाइनचं सॉफ्टवेअर घेऊ. दोन कंपन्या महिनाभर फुकट देतायत. तू दोन्ही वापरून बघ आणि कुठलं घ्यायचं ते सांग."

झालं! मला कुणी परीक्षक केलं की माझ्या अंगातच येतं.

आणि सॉफ्टवेअर भारी हो! पत्ता टाकला की आकाशातून काढलेला फोटो येतो. छपराच्या कडेकडेनं माउस फिरवला की पॅनल आपोआप रांगेत बसतात. सावली कुठं पडेल, वीज किती होईल, सगळं खुर्चीत बसून! मी तर ऑफिसात जाहीरच केलं, "शिडी लावून पत्र्यावर चढायचे दिवस गेले. टेप विकून टाका."

चाचणीला मी अण्णांचं काम घेतलं. मोहोळला हायवेलगत त्यांचं कोल्ड स्टोरेज आहे, बेदाणा ठेवतात तिथं. अण्णा आमचं जुनं गिऱ्हाईक. गुडघे गेल्यापासून ते इथं सोलापुरात घरीच असतात आणि मोहोळचा सगळा कारभार धाकटा भाऊ, मल्लूशेठ, बघतात. दोघांचा धंदा एकत्र, आणि आजवर दोघांत कधी वर आवाज नाही. आणि मी तिथंच काडी लावली.

पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये अण्णांचं गोदाम दिसलं आणि मागं मोकळी जागा. दुसऱ्यात गोदाम दिसलं, आणि मागं त्याच्याहून मोठं शेड! सपाट, चौकोनी, पॅनल लावायला अगदी पाटासारखं.

शहाणा माणूस इथं थांबला असता की नाही? एकाच जागेचे दोन फोटो, आणि एकात शेड आहे, एकात नाही! पण मी कसली थांबते? रिपोर्टात लिहून मोकळी झाले : 'पहिल्या सॉफ्टवेअरला एवढं मोठं शेड दिसत नाही. नापास.' आणि अण्णांना फोन लावला.

"अण्णा, मागचं शेड तुम्ही सांगितलंच नाही!"

"कुठलं शेड?"

"कोल्ड स्टोरेजच्या मागचं. केवढं मोठं आहे!"

"मागं मोकळी जागा हाय की बाई. शेड न्हाय."

मला वाटलं, ग्रामपंचायतीत नोंद केली नसेल, म्हणून लपवतायत. मी आवाज खाली आणला. "काळजी करू नका अण्णा, मी कुणाला बोलत नाही."

मग अण्णा हळू म्हणाले, "मल्लूनं बांधलं काय? मला न सांगता?"

तुम्हीच सांगा, इथं तरी गप्प बसावं की नाही बाईमाणसानं! पण मी म्हणाले, "ते मला काय माहीत? पण सॅटेलाइट खोटं बोलत नाही, अण्णा." आणि वर त्यांच्या मोबाइलवर फोटो पाठवला. एवढ्याशा पडद्यावर त्यांना दिसलं काय? एक पांढरा चौकोन.

'सॅटेलाइट खोटं बोलत नाही.' हे माझंच वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात माझी.

पुढचं मला अण्णांच्या बायकोनं, काकूंनी, फोन करून सांगितलं. अण्णांनी भावाला विचारलं, शेड कधी बांधलंस? मल्लूशेठ म्हणाले, बांधलं न्हाय, येऊन बघा. अण्णा म्हणाले, यायला कशाला पायजे, फोटो हाय माज्याकडं. त्यावर मल्लूशेठ म्हणाले, "परक्या बाईच्या फोटोवर भरवसा, आन् माज्यावर न्हाय?" आणि फोन ठेवला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद!

"ह्यांच्या घशाखाली घास उतरंना बाई," काकू म्हणाल्या. "वाटण्या करून टाकू म्हणत्यात. तुमीच कायतरी करा."

मी काय करावं? माफी मागावी? छे हो! मी म्हणाले, "काकू, दोघांना एकत्र बसवा. मी मोठ्या पडद्यावर दाखवते. दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ दे."

रविवारी आम्ही अण्णांच्या हॉलमध्ये. सर आणि मी टीव्हीपाशी, अण्णा सोफ्यावर. मल्लूशेठ मोहोळहून आलेले, पण दारातच उभे. भावाच्या घरात पाणीसुद्धा घेईनात. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि डिझाइन उघडलं. मागच्या शेडवर निळ्याशार पॅनलच्या ओळीच्या ओळी!

"हे बघा," मी मल्लूशेठकडं वळून म्हणाले. "आता तरी नाही म्हणा!"

मल्लूशेठ डोळे बारीक करून पडद्याकडं बघत राहिले. तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि टीव्हीसमोरच थबकल्या.

"जरा मोठं करा की ते."

मी ऐटीत मोठं केलं. 

"पॅनल काढा बगू त्याच्यावरचं."

काढले.

"अवो, ही म्होरं कमान न्हाय का? आन् हितं कडंला आचाऱ्याच्या चुली. ही गाड्यांची रांग…" काकूंनी ट्रे खाली ठेवला. "अगं बया! ह्यो तर आपल्या गौरीच्या लग्नाचा मांडव हाय!"

मी मूर्खासारखी पडद्याकडं बघत राहिले. दोन वर्षांपूर्वीच्या मांडवाच्या कापडावर मी कोल्ड स्टोरेजचा प्रकल्प उभारला होता!

आणि गौरी कोण? मल्लूशेठची मुलगी. ते म्हणत होते, साधं कार्यालय घेऊ. अण्णाच हटून बसले होते, पोरगी माजी हाय, मांडव असा पडला पायजे की हायवेवरनं दिसावा. हायवेवरनं काय, आकाशातनं दिसला! आणि त्याच मांडवावरून मी ह्या दोन भावांना वाटण्यांपर्यंत आणलं होतं.

"मांडव तुमी घातला," मल्लूशेठचा आवाज फाटला, "आन् शेड कुणी बांधलं म्हणून मला इचारता व्हय अण्णा…"

अण्णांचे डोळे भरून आले. त्यांना उठता येईना, तर सोफ्यावर हात आपटत म्हणाले, "चुकलं रं माजं. ये, बस की हितं."

मल्लूशेठ जाऊन बसले. मला तर वाटलं, ती फरशी दुभंगावी आणि मी लॅपटॉपसकट आत जावं! सर माझ्या कानाशी पुटपुटले, "फोटोच्या कोपऱ्यात तारीख असते. वाचली नाहीस?"

"अक्षर बारीक होतं, सर."

एवढ्यात काकू माझ्याकडं निरखून बघायला लागल्या. "बाई, तुमी बी आलता की लग्नाला! ह्याच मांडवात माज्या हातानं हुग्गी वाढली तुमाला. दोनदा मागून घेतली!"

खरंच की हो! गेले होते. गेटातून मांडवात, मांडवातून पंगतीत, पंगतीतून घरी. गव्हाच्या त्या गोड हुग्गीपुढं मान वर करून बघितलंय कुणी?

मी हात जोडले. "अण्णा, मल्लूशेठ, माझं फार चुकलं. न बघता बोलले मी. तुमच्या घरात…" आणि पुढं मला रडूच फुटलं.

मल्लूशेठनी उपरण्यानं डोळे पुसले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "रडू नका मॅडम. मांडवावरच पॅनल बसवायचं असलं, तर मांडववाल्याचा नंबर देतो की."

अण्णांना हसता हसता ठसका लागला. काकूंनी पाठ चोळली तेव्हा कुठं त्यांना बोलता आलं. "काम तुमालाच देतो बाई. पन एक अट हाय. मोजमाप घ्यायला दुसऱ्या कुनाला धाडायचं न्हाय. तुमीच वर चढायचं."

आता नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? ऑफिसात जाऊन पहिल्या सॉफ्टवेअरला पास केलं, टेप शोधून काढली आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात मोहोळच्या गोदामाला शिडी लावली. ओढणी कमरेला खोचून चढले. खाली सावलीत दोन खुर्च्या लावून दोघं भाऊ बसलेले, मध्ये एकच ताटली, तिच्यातली भजी दोघं खातायत.

मी वर पोचले तशी खालून दोघांनी एकदमच हाक मारली, "मॅडम, हात लावून बगा! पत्रा हाय का मांडव?"

लावला हो हात. बोटं पोळली, डोळ्यात पाणी आलं, आणि सगळ्या हायवेला ऐकू जाईल असं ओरडले, "पत्रा हाय, अण्णा! पत्रा हाय!"