गळ्यातला बूट

बूट चकचकीत करायला शिकवण्यात लष्करानं माझं अख्खं वर्ष घालवलं आणि ते विसरायला लावलं एका सकाळी. परेडचे बूट मी कापसाच्या बोळ्यानं इतके घोटायचे, की खाली वाकलं तर त्यात माझेच दात दिसत. मग हेलिकॉप्टर चालवायला शिकण्यासाठी माझी निवड झाली आणि शिकायची जागा निघाली नाशिक. माझं घर मखमलाबादच्या अंगाला, झेंडू-शेवंतीच्या मळ्यात. कोर्समधली बाकीची मुलं देशाच्या कुठल्या कुठल्या टोकांहून आली होती. मला मात्र लग्नाआधीच माहेर मिळालं.

पहिल्या दिवशी मी उड्डाणाचे नवे बूट आरशासारखे करून हजर झाले. आमचे इन्स्ट्रक्टर केरळचे, बारीक, शांत आणि अतिशय खवचट. त्यांनी बुटांकडे पाहिलं आणि विचारलं, "शादी में जाना है?" वैमानिकाच्या बुटांनी मिरवायचं नसतं, हे मला तेव्हा कळलं. पॉलिशचा जाड थर आगीत पेट घेतो, म्हणून ब्रश मारायचा आणि सोडून द्यायचं. मोजे सुती हवेत, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. ओव्हरऑलच्या बाह्या मनगटापर्यंत खाली, नाशिकच्या एप्रिलमध्येसुद्धा. नाड्यांची टोकं बुटात खोचलेली. एवढ्यावर सरांचं समाधान नव्हतं. हेलिकॉप्टरमध्ये चढण्याआधी प्रत्येकानं पाठमोरं उभं राहून एकेक पाय मागे उचलायचा आणि सर वाकून तळ बघायचे. बुटाच्या खाचेत खडा अडकलेला असला तर तो पेडलखाली जाऊन बसतो. नाल ठोकायला आणलेल्या बैलांसारखे आम्ही रांगेनं पाय वर करून उभे राहत असू. मला भारी हसू यायचं आणि हसलं की तोल जायचा.

ह्या सगळ्याला कारणं होती. पण एक प्रथा अशी होती, जिला कसलंही कारण नव्हतं. वैमानिकांच्या बैठकीच्या खोलीत एका खिळ्याला उजव्या पायाचा जुनाट बूट टांगलेला असे. टाच झिजलेली, रंग उडालेला. कुणाचा होता, कुणालाच ठाऊक नव्हतं. कोर्समध्ये जो सगळ्यांत शेवटी सोलो करेल, म्हणजे इन्स्ट्रक्टर शेजारी नसताना एकट्यानं पहिलं उड्डाण करेल, त्यानं कोर्सच्या मेजवानीला तो बूट नाडीनं गळ्यात अडकवून जेवायचं. मेजवानीला आईवडिलांना बोलावलेलं असतं. सगळे हसतात, फोटो काढतात आणि बूट पुन्हा खिळ्यावर जातो.

बाकीच्यांना ही गंमत वाटे. मला घाम फुटे. कारण आमच्या घरी हार हा पोटापाण्याचा धंदा आणि चपलांचा हार हा आमच्या भाऊबंदकीचा विषय. विहिरीच्या पाण्यावरून भांडण झालं तेव्हा माझे चुलत काका भर चौकात बाबांना म्हणाले होते, "तुला चपलांचा हार घालीन." घातला नाही, नुसतं म्हणाले. तेवढ्यावर बाबांनी काकांशी बोलणं टाकलं ते टाकलंच. मी शाळेत होते तेव्हाची ही गोष्ट. दोन घरांच्या मध्ये फक्त एक बांध आहे, पण काकांच्या घरचं लग्न असो की मयत, बाबा त्या बांधापाशी थबकतात आणि मागे वळतात. अशा माणसासमोर त्याच्या लेकीनं गळ्यात बूट घालून बसायचं, म्हणजे नुसती मेजवानी बिघडणार नव्हती. बाबा उठून चालते झाले असते आणि माझ्या नोकरीशीही बोलणं टाकलं असतं. त्यामुळे काहीही झालं तरी शेवटचं राहायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

आणि माझं उडणं चांगलं होतं, उगाच विनय कशाला. कोर्समध्ये दोघेच सोलोचे उरले तेव्हा पुढचा नंबर माझा होता आणि माझ्यामागे एक पंजाबी पोरगा. त्याचं हेलिकॉप्टर खाली टेकताना तीनदा विचार बदलायचं. मी निर्धास्त होते. त्या रविवारी नेहमीसारखी धुण्याची पिशवी घेऊन घरी गेले. बूट दवानं ओले झाले होते, म्हणून तेही बरोबर नेले आणि ओट्यावर उन्हात ठेवून मी आत जाऊन ताणून दिली.

आईनं ते बूट पाहिले. मळकट, निस्तेज. सरकार पोरीला बूट देतं आणि पोरगी त्यांची ही दशा करते, असं तिला वाटलं. आता आमच्या घरी कातड्याची वस्तू म्हणजे बाबांची कोल्हापुरी. तिला आई दर पावसाळ्यानंतर खोबरेल पाजते, वरून आणि खालून, तळ तेल पिऊन तट्ट होईस्तोवर. त्याच मायेनं तिनं माझ्या बुटांना पाजलं. वरून पाजलं, आतून पाजलं आणि उलटे करून रबरी तळही चोळले. मग कोरड्या फडक्यानं पुसून पिशवीत भरले आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही, कारण तिला मला खूश करायचं होतं.

सोमवारी सकाळी घाईघाईत बूट चढवताना ते मऊ लागले, एवढंच जाणवलं. उन्हात ठेवल्याचा गुण, असं मनात म्हटलं. हेलिकॉप्टरपाशी पाठमोरी उभी राहिले, पाय मागे उचलला. सर वाकले. मग त्यांनी तळावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटून घेतले.

"नारियल," ते म्हणाले. "मैं केरल से हूँ. मुझसे मत छुपाओ."

हेलिकॉप्टरची शेपूट कुठे वळणार हे पायांखालच्या पेडलांवर ठरतं. पाय सटकला तर यंत्र भोवऱ्यासारखं गरगर फिरतं. तेल लावलेल्या बुटांनी मला तिथं चढवणं शक्यच नव्हतं. माझ्याकडे दुसरा जोड होता तो परेडचा, खिळे ठोकलेला. दुसऱ्याचे बूट घालून सोलो करायचा नाही, हीही तिथली प्रथा. म्हणजे माझ्या पायांत बूट असून मी अनवाणी होते. सरांनी मान वळवली आणि पंजाबी पोराला हाक मारली. तो वर गेला, खाली टेकताना एकदाही विचार बदलला नाही आणि उतरल्यावर माझ्याकडे बघून त्यानं हात जोडले. मी त्या दिवशी सगळ्या जगावर चिडले होते, मुख्यतः नारळावर.

दुसऱ्या दिवशी, साबणाच्या पाण्यानं दोनदा घासलेल्या बुटांनी, मी सोलो केला. वरून गंगापूर धरण दिसलं, द्राक्षांच्या बागा दिसल्या आणि पिवळ्या झेंडूचा एक चौकोन दिसला. तो आमचाच, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि मला इतका आनंद झाला, की मी मोठ्यानं गात होते. खाली उतरल्यावर रिवाजाप्रमाणे अंगावर बादलीभर पाणी पडलं. मग मला खिळ्यावरचा बूट आठवला.

मेजवानीआधीच्या रविवारी मी बाबांना तयार करायला गेले. "बाबा, आमच्याकडे एक पद्धत असते," अशी सुरुवात केली. तेवढ्यात बांधापलीकडे काकांचा पंप सुरू झाला आणि बाबा पाण्यावर जे सुटले ते संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत. आईला मात्र मी मुद्दामच काही सांगितलं नाही. तेलानं काय झालं हे कळलं असतं तर तिनं स्वतःला फाडून खाल्लं असतं.

मेजवानीला दोघं वेळेच्या आधी हजर. मेसमध्ये पुरुषांना चपला चालत नाहीत, असं आधीच कळवलं होतं, म्हणून बाबांनी मेन रोडवरून काळे बूट आणले होते आणि त्यांत बाबा काचेवरून चालल्यासारखे चालत होते. हातात पिशवी, पिशवीत केळीच्या पानात गुंडाळलेला झेंडूचा हार, सरांसाठी. आईनं दारातला गालिचा पाहिला आणि सवयीनं चपला बाहेर काढल्या. वेटर गोंधळून त्या चपलांकडे बघत राहिला. मी तिला घालायला सांगितलं. "एवढ्या मखमलीवर चपला घालू? मला काय वळण नाय का?" ती म्हणाली आणि अनवाणीच आत गेली.

सूप आलं. सर उठले, दोन शब्द बोलले आणि खिळ्यावरचा बूट माझ्या गळ्यात आला. पोरांनी टेबलं बडवली. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला होता आणि खुर्ची मागे सरकली होती. सरांच्या ते लक्षात आलं असावं. ते म्हणाले, "सर, यह बूट मैंने भी पहना है." बाबांनी ऐकलंच नाही. त्यांचा हात टेबलावरच्या पिशवीकडे गेला. ते निघणार, हे मला कळलं.

तेवढ्यात आईनं सरांना विचारलं, मालिकांमधून शिकलेल्या हिंदीत, "साहेब, हमारी लडकी आखरी क्यूं राही? वो तो हुशार हाय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनं नको नको म्हणाले. पण खवचट माणसाला नको म्हटलं की उबळ येते. ते हसून म्हणाले, "नारियल का तेल, आंटी. जूतों के नीचे."

आईला कळायला एक क्षण लागला. मग ती उठली. टेबलाला वळसा घालून माझ्यापाशी आली, माझ्या गळ्यातला बूट काढला, काठपदराच्या साडीचा पदर नीट केला आणि नाडी स्वतःच्या गळ्यात घातली.

"चूक माझी हाय," ती म्हणाली. "मंग हार बी माझाच."

टेबलं बडवणं थांबलं. अशा वेळी काय करायचं हे कुठल्याच प्रथेत बसत नव्हतं, त्यामुळे सर उभे राहिले आणि ते उभे राहिले म्हणून सगळेच उभे राहिले. आई पायांत काही नाही, गळ्यात बूट, अशी जागेवर जाऊन बसली आणि तिनं सूप संपवलं. बाबा अर्धवट उठलेले होते ते तसेच राहिले होते. मग त्यांनी पिशवीतला हार काढला आणि सरांना द्यायचा सोडून आईच्या गळ्यात घातला. बूट झेंडूत बुडाला. "झाकला जातोय तेवढा जाऊ दे," ते पुटपुटले आणि बसले. रात्री मीही त्यांच्याबरोबर घरी निघाले आणि गाडीत बाबांनी एकच गोष्ट बजावली, की हे बांधापलीकडे कळता कामा नये.

दुसऱ्या दिवशी आई मोबाइल घेऊन सरळ बांध ओलांडून गेली. हे मला काकूनं नंतर सांगितलं. मेजवानीत पोरांनी काढून दिलेला गळ्यातल्या बुटाचा फोटो काकांसमोर धरून आई म्हणाली, "भाऊजी, तुम्ही नुसतं म्हणला होता. मला तर घातला बी."

संध्याकाळी मी परत निघायची तयारी करत होते. आतून आईचा आणि काकांचा आवाज येत होता, काका फोटो पाहून खोकला लागेपर्यंत हसत होते. बाबा मळ्यातून आले आणि पायरीपाशी थांबले. दारात काकांच्या चपला होत्या, कुत्र्याच्या वाटेत, उलट्यापालट्या पडलेल्या. बाबांनी त्या बराच वेळ पाहिल्या. मग वाकून दोन्ही हातांनी उचलल्या, धूळ झटकली, आमच्या चपलांच्या रांगेत नीट मांडल्या आणि ते आत गेले.