खुणांचा रकाना

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या आमच्या घरमालकीणबाईंइतकी गैरहजर माणसांची बडदास्त ठेवणारी व्यक्ती मी दुसरी पाहिली नाही. विद्यापीठात डॉक्टरेट करणारे माझे यजमान आणि मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर राहत असू. पण बाईंचे सारे लक्ष असे ते शतकापूर्वी मेंढ्या चोरल्याबद्दल टास्मानियाला काळ्या पाण्यावर धाडलेल्या एका इंग्रज कैद्याकडे. महायुद्धानंतर त्यांच्या घरी उतरलेला एक ब्रिटिश अधिकारी आपल्या या बेपत्ता पूर्वजाची फाइल मागे ठेवून गेला, आणि बाईंनी तिला वाहून घेतले. लंडनहून त्यांनी कैद्यांच्या जहाजावरील डॉक्टरच्या रोजनिशीची नक्कल मागवली होती आणि रोज त्या तारखेची नोंद वाचून त्या जहाजाबरोबर प्रवास करीत. "आल्झो, तर मग, आज त्याला ताप आहे, जिन्यावर पाय वाजवू नका," असे त्यांनी सकाळी बजावले की माझे यजमान खरोखरच जोडे हातात घेऊन उतरत. "तुझ्या कैद्याला उतार पडला का गं?" ते संध्याकाळी विचारीत, आणि मी म्हणे, "अहो, हळू बोला."

कारण मलाही त्याची चाहूल लागू लागली होती. बाईंनी घरातल्या जिन्याजवळच्या बोळात आपल्या नवऱ्याचा जुना कोट असा टांगला होता की त्याची कॉलर कैद्याच्या खांद्यांच्या उंचीवर यावी. नोव्हेंबरात चार वाजताच अंधारून येई, कोळशाच्या धुरात ओल्या लोकरीचा वास मिसळे. एकदा त्या बोळात माझा खांदा कुणाला तरी घासला आणि मी पटकन "एन्टशुल्डिगुंग" म्हणून माफी मागितली. स्वयंपाकघरातून बाईंचा शांत आवाज आला, "ऐकतो तो. उत्तर देत नाही. गेनाऊ, अगदी माझ्या नवऱ्यासारखा."

कैद्यांच्या नोंदवहीत प्रत्येकाच्या अंगावरच्या खुणा लिहिलेल्या असत. त्या धर्तीवर बाईंनी साऱ्या ओळखीच्यांची टिपणे केली होती. पोस्टमनच्या मानेवरचा मस त्यांत होता. माझ्यापुढे लिहिले होते : डाव्या कानाखाली तीळ; कपाळावर लाल ठिपका, पुसता येतो.

मी हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खणातून एक छापील अर्ज काढला, बेपत्ता सैनिकांचा शोध घेणाऱ्या कचेरीचा. नवऱ्याचे नाव, पलटण, रशियातले शेवटचे ठिकाण, सारे भरलेले. फक्त खुणांचा रकाना कोरा. लग्नानंतर अकरा दिवसांची रजा, मग तो आघाडीवर गेला. "भुवईवर व्रण होता. फोटोत टोपीची सावली पडलीय. कुठली भुवई, ते आठवत नाही मला," त्या म्हणाल्या. "त्या चोराची तुटकी करंगळी मला पाठ आहे, बघा."

वसंतात टास्मानियाहून पत्र आले. कैदी तिथल्या इस्पितळात वारला होता. कागदपत्रे जवळ नव्हती, ओळख पटली ती करंगळीवरून. बाईंनी त्या दिवशी कॉफी केली नाही. त्यांनी मला बोळात बोलावले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे केले. "माझा नवरा उंच होता. आता बोलू नका."

त्यांनी डोळे मिटले. उजवा हात सावकाश वर आला, माझ्या गालाशी थबकला, कानशिलाकडे वळला. बोटे बर्फासारखी थंड होती. माझ्या डाव्या भुवईवर अंगठा टेकला आणि नसलेल्या व्रणावरून, शिवणीवरून फिरावा तसा, टोकापर्यंत फिरला. त्या क्षणी मी कोण होते हे मला आजही नीट सांगता येणार नाही. श्वास मात्र मी रोखून धरला होता, त्या घरात आणखी कुणाचा तरी ऐकू यावा म्हणून.

"डावी," बाई डोळे न उघडता म्हणाल्या.

रकाना भरून अर्ज आम्ही दोघींनी मिळून टपालपेटीत टाकला. आम्ही ते शहर सोडले तोवर उत्तर आले नव्हते, आणि नंतरच्या पत्रांतही त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही. मात्र त्या दिवशी परतताना, लिंडेनच्या झाडांच्या कोवळ्या पालवीखालून चालता चालता, त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला होता. "आता कुणी विचारलंच," त्या म्हणाल्या, "तर मला सांगता येईल."