सौद्यातला वाटा

साठेक वर्षांपूर्वी मी मुंबईत एका मोठ्या शेअर दलालाच्या पेढीत सौदे करत होतो, तेव्हाची गोष्ट. दिवाळीला गावी, बालाघाटला आलो असताना लालबर्ऱ्याचे एक राइस मिलवाले मुलीचं स्थळ घेऊन घरी आले. बाबा भरवेलीच्या खाणीत फिटर होते.

"पोराचा पगार किती हाये?" पाहुण्यांनी विचारलं.

"दोनशे," बाबा म्हणाले.

"दोनशेत मुंबईत भागते का? आमचा मुनीमच तेवढे घेते."

स्थळ हातचं जाणार असं वाटून मीच बोललो, "पगार दोनशेच हाये, काका. पण सौद्याच्या नफ्यात वाटा भेटते. यंदा बाबाच्या सालभराच्या पगाराहून जास्त भेटला."

पैसा मोजायला माझ्याकडे बाबांच्या पगाराशिवाय दुसरं माप नव्हतं. पण ते चारचौघांत वापरायला नको होतं.

"मंग पयले काहून नाई सांगतलं?" पाहुण्यांनी हसून बाबांना विचारलं.

"त्याचं त्यालेच मालूम," बाबा म्हणाले. हा वाटा त्यांनाही तेव्हाच कळला होता.

लग्न तिथंच ठरलं. पाहुण्यांना बसस्टँडवर सोडायला मी आणि बाबा निघालो. एरवी मुलाच्या बापाला केवढा मान! पण पाहुणे माझ्या खांद्यावर हात टाकून शेअरचे भाव विचारत होते आणि मी रंगून सांगत होतो. स्टँडवर वळून पाहिलं, तर पाहुण्यांची पिशवी हातात घेऊन बाबा आमच्या मागून येत होते.