क्रासेनची औदार्याने दिलेली परवानगी

झ्द्राव्का तुंबेवाचा स्वभाव लोण्यासारखा. पण अपमान मात्र ती लोणच्यासारखा मुरवत ठेवी. बल्गेरियातल्या प्लोव्दिव शहराच्या त्या चार टेबलांच्या सॉफ्टवेअर कंपनीत शेजारच्या क्रासेनने गेल्या हिवाळ्यात तिचं काम स्वतःचं म्हणून साहेबांना दाखवलं, तेव्हापासून बरणी भरलेली होती.

आज दुपारी दह्याच्या कारखान्याच्या मालकीणबाई यायच्या होत्या. झ्द्राव्काने दूधसंकलनाचा भाग केला होता, क्रासेनने अहवालांचा. ज्याचा पसंत पडेल, पुढचं सगळं काम त्याच्याकडे.

सकाळीच ल्युबेनसाहेब कडाडले, "अगं, अख्खी कंपनी बदललीस की काय? गिटमध्ये, आपल्या सामाईक नोंदवहीत, हजारो फाइली बदललेल्या दिसतायत, त्याही तुझ्या नावावर! यात तुझं काम शोधू कुठे? दुपारच्या आत निस्तर, नाहीतर तुझा भाग वगळतो."

झ्द्राव्काने पाहिलं. बहुतेक फाइलींतलं अक्षरही हललं नव्हतं. नुसत्या वाचायच्या फाइलींना प्रोग्रामसारखं चालायचीही परवानगी मिळाली होती.

"क्रासेन, हे तुझं?"

"माझी एक फाइल चालेना गं. माझा संगणक तापलेला, म्हणून तुझ्या संगणकावर बसलो आणि म्हटलं, सगळ्यांनाच परवानगी देऊन टाकू. उदार माणूस मी!"

"आणि ते माझ्या कामासकट जमा केलंस?"

"मदतच केली की!"

सरसकट मागे घ्यावं, तर तिचं कामही गेलं असतं. तिने झालेला फरक उलटा करून काढला, त्यातल्या फक्त परवानगीच्या ओळी चाळून घेतल्या आणि तेवढ्याच लागू केल्या. फाइली गपगुमान पूर्वीसारख्या झाल्या. तिचं काम सायीसारखं वर आलं.

क्रासेनच्या त्या फाइलीचीही परवानगी गेली होती. ती परत द्यायची म्हणजे एका आज्ञेचं काम. झ्द्राव्काचं बोट क्षणभर थबकलं, मग तिने ते उचललं आणि कॉफी प्यायली.

साहेबांनी सगळ्यांना नवी प्रत घ्यायला लावली. क्रासेनने घेतली, तपासायची त्याला सवयच नव्हती.

दुपारी त्याने ऐटीत कळ दाबली. पडद्यावर उमटलं: परवानगी नाही. पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

मालकीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडे नासलेल्या दुधाकडेसुद्धा कोणी इतका वेळ बघत बसत नाही हो."

"झ्द्राव्का, ती परवानगी दे ना, एकाच फाइलीला कशी देतात मला येत नाही," क्रासेन कुजबुजला.

"माझ्या संगणकावर बसताना तू मागितली होतीस?"

काम झ्द्राव्काला मिळालं. सामाईक काम बिघडवील त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बानित्सा, म्हणजे पापुद्र्यांची भाजलेली खारी पोळी, आणायची, हा तिथला रिवाज. क्रासेनने आणली, गरम, चीज ओघळणारी. झ्द्राव्काने कुरकुरीत कडेचा तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मगच उठून त्याच्या फाइलीला परवानगी दिली. त्याच्याच कीबोर्डवर, तुपकट बोटांनी.